नव्या माणसाचे पहिले तीन महिने



ग्रंथालयांच्या या मेळाव्याचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत. भातकापणी तोंडावर असताना कर्जत-खालापूरची एवढी मंडळी दहिवलीत जमली, याचा आनंद वाटतो. १९६७च्या ग्रंथालय कायद्यापासून आजवरचा आढावा मी घ्यावा, अशी अपेक्षा आहे. अनुदान, दर्जावाढ, तुटपुंजे वेतन यांवर सकाळपासून बोलणे झाले आहे. त्यातल्या प्रत्येक मागणीला माझा पाठिंबा आहे. मला मात्र एकाच गोष्टीवर बोलायचे आहे. ती फार वर्षे मनात आहे.

नवा माणूस कामाला लागला आणि त्याने काही सुचवले, की आपण त्याला गप्प करतो. ‘आधी पाच वर्षं काढ, मग बोल.’ कार्यकारी मंडळांच्या बैठकांत हे वाक्य ऐकून माझे कान किटले आहेत.

मी शासनाच्या वर्गवारीतल्या एका ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल असताना पुस्तकांच्या देवघेवीच्या कामाला एक मुलगी लागली. कपाटे कुलूपबंद. वाचकाने फाटक्या यादीतून क्रमांक शोधून चिठ्ठीवर लिहायचा, शिपायाने आत जाऊन पुस्तक पाहायचे, नसले तर पुन्हा यादी. आठवडाभरात तिने विचारले, ‘सर, आज परत आलेली पुस्तकं लगेच कपाटात कशाला? टेबलावर राहू देत ना दिवसभर. कुणीतरी वाचून आणलंय म्हटल्यावर दुसऱ्यालाही बघावंसं वाटेल.’

विषय मंडळापुढे नेला. चोरी होईल, पसारा होईल, आणि मुख्य म्हणजे कालची पोर आम्हाला शिकवणार! इतिवृत्तात एक ओळसुद्धा आली नाही. मी माझ्या अधिकारात दाराजवळ टेबल मांडले. मुंबईहून लोकलने परतणारा वाचक वाचनालय बंद होता होता धापा टाकत येतो. त्याला यादी चाळायला वेळ कुठला? सकाळी एकाने परत केलेले चरित्र संध्याकाळी दुसऱ्याच्या पिशवीत जाऊ लागले. मुलगी पुढे दुसऱ्या नोकरीत गेली. टेबल राहिले. पण ते तिने सुचवले, याची कुठल्याही कागदावर नोंद नाही, आणि हीच माझी तक्रार आहे.

सकाळच्या परिसंवादात एक वक्ते म्हणाले, नव्या माणसाने वर्षभर फक्त शिकावे. अहो, पहिल्या दिवशी खुपलेली फाटकी यादी वर्षभराने त्यालाही दिसेनाशी होते! मग तो बोलणार काय? दुसरे म्हणाले, नव्याला मोकळे सोडा. तेही मला मान्य नाही. एका नव्या मुलाने मला विचारले होते, दाखल क्रमांक पहिल्या पानावर असताना आतल्या गुप्त पानावर पुन्हा कशाला लिहायचा? मी त्याला रद्दीवाल्याकडून परत मिळवलेली एक कादंबरी दाखवली. वेष्टन गेलेले, सुरुवातीची पाने फाडलेली. ठरलेल्या पानावर मात्र आमचा शिक्का आणि क्रमांक जसाच्या तसा. तो लगेच कामाला लागला. ज्या नियमाचे कारण असे दाखवता येते, तो राहू द्या. ज्याचे कारण आपल्यालाच सांगता येत नाही, तिथे नव्याचे ऐका.

डॉ. रंगनाथन १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, तेव्हा ते गणित शिकवणारे गृहस्थ होते. ग्रंथालयाच्या कामात अगदी नवखे. विद्यापीठाने त्यांना शिकायला इंग्लंडला पाठवले आणि परतल्यावर त्यांनी कपाटे वाचकांना खुली केली. त्याआधी, १९१० मध्ये, सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बडोद्याला आणले. परक्या, नव्या माणसाच्या हाती महाराजांनी राज्यभरच्या ग्रंथालयांची घडी बसवण्याचे काम सोपवले. आपण दर १२ ऑगस्टला, ग्रंथपालदिनी, रंगनाथनांच्या तसबिरीला हार घालतो. मग आपल्याच वाचनालयातल्या नव्या लिपिकाचे तोंड का बंद करतो? मला याचा राग येतो, आणि तो मी आज लपवणार नाही.

माझी सूचना अशी. प्रत्येक वाचनालयाने नव्या कर्मचाऱ्यासाठी एक वही ठेवावी. पहिले तीन महिने त्याला जे खटकेल ते त्याने नावानिशी लिहावे. मंडळाने होकार किंवा नकार कारणासह समोर नोंदवावा. वहीचा नमुना, शासकीय तपासणीत ती दाखवायची की नाही, हे पुढे एकत्र बसून ठरवू. खालापूरच्या मित्रांनी एखाद्या ठिकाणी सुरुवात करावी, मी येईन.

आता खुले सत्र आहे. यादीत पहिली नावे पदाधिकाऱ्यांची दिसतात. कार्यवाहांना विनंती, ती खाली घ्यावीत. यंदा नेमणूक झालेली मंडळी मागच्या रांगांत बसली आहेत. त्यांना आधी माईक द्या.