कुरकुरणारा गुडघा

मी काही डॉक्टर नव्हे. पण आईचा गुडघा पायरी चढताना ठणकू लागला आणि मला या विषयात डोके घालावे लागले. डॉक्टर म्हणाले, झीज आहे, पण सुरुवातीची. शस्त्रक्रियेची गरज नाही. शेजारी म्हणाले, इंजेक्शन टोचून घ्या, मोकळे व्हा!

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने आराम पडतो, पण काही आठवडेच. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत ते दर तीन महिन्यांनी, अशी दोन वर्षे दिले. दुखणे नुसत्या मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनाइतकेच राहिले. सांध्यातली कूर्चा मात्र अधिक झिजली. २०२० च्या दुसऱ्या चाचणीत फिजिओथेरपी घेणारे वर्षअखेरीस इंजेक्शनवाल्यांपेक्षा बरे आढळले.

आता व्यायाम म्हणजे काय? खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, मनात पाच आकडे मोजा, सावकाश खाली आणा. असे दहा वेळा, मग दुसरा पाय. मांडीचा स्नायू बळावला की गुडघ्याला आधार मिळतो. पहिले काही दिवस थोडे दुखेल, गुण यायला दीड-दोन महिने लागतील. आई तिसऱ्याच दिवशी कंटाळली होती! वजन जास्त असेल तर तेही उतरवा. एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार हलका होतो.

ठणका फारच असेल तर आधी डायक्लोफेनॅकचे मलम लावा. दुखण्याच्या गोळ्या पोट आणि मूत्रपिंड बिघडवू शकतात. त्या दुकानदाराला विचारून घेऊ नका. आणि गुडघा लाल, गरम होऊन सुजला, अंगात ताप भरला, तर व्यायाम करीत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.