पुरापलीकडचा सण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

३ जुलै ही तारीख आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहत नाही. धानाचे परहे टाकलेले असतात आणि रोवणीसाठी सारे आभाळाकडे बघत असतात. बल्लारपूरला माझ्या शेजारी एक परिचारिका राहतात. मूळच्या केरळच्या, पण मराठी आता आपल्यासारखीच बोलतात. सारी गल्ली त्यांना सिस्टर म्हणते. एका ३ जुलैला त्या पहाटेच आवरून निघालेल्या दिसल्या. मी विचारलं, ‘आज काय विशेष?’ म्हणाल्या, ‘दुखराना.’ मला वाटलं, घरात काही वाईट घडलं. मी सांत्वनाचे शब्द जुळवू लागलो, तेव्हा त्या हसल्या. ‘भाईजान, दुःख नाही. आज संत थॉमसचा दिवस. दुखराना म्हणजे आठवण.’

हा शब्द सुरियानी भाषेतला. आमच्याकडे अल्लाहच्या स्मरणाला ‘जिक्र’ म्हणतात. दोन्ही शब्दांचं मूळ एकच. शब्दांचा नाद असलेल्या माझ्यासारख्याला एवढं पुरेसं होतं. पुढे कळलं, त्यांच्या पंथात मिस्सेला ‘कुर्बाना’ म्हणतात. आपली कुर्बानी आणि आपला ‘करीब’ हे शब्दही त्याच मुळाचे. अर्पण करायचं ते जवळ जाण्यासाठी.

केरळातल्या सिरो-मलबार ख्रिस्तसभेला केरळाबाहेर मिळालेलं पहिलं कार्यक्षेत्र म्हणजे आपला चांदा. ते साल १९६२. १९७७ मध्ये त्याचा धर्मप्रांत झाला आणि बल्लारपूरला त्याचं मुख्य चर्च आहे. पेपर मिल, कोळसा खाणी, दवाखाने, शाळा यांच्या निमित्तानं केरळातली कुटुंबं इकडे आली. पण प्रांत म्हणजे नुसतं बल्लारपूर नव्हे. गडचिरोलीचं सारं जंगल त्यात येतं. आणि तिथला पावसाळा कसा असतो, ते तिकडे नोकरी केलेल्या माणसालाच विचारावं.

सिस्टर तीसेक वर्षांपूर्वी भामरागडपलीकडच्या एका गावात होत्या. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भेटतात. पर्लकोटा फुगली की रस्ता बंद. दुखराना ३ जुलैला आणि मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा सण १५ ऑगस्टला. दोन्ही ऐन पुराच्या दिवसांत. पहिल्याच वर्षी १५ ऑगस्टला नदीनं वाट अडवली. गावात झेंडावंदन झालं, पण कुर्बाना कुठून होणार? त्यासाठी धर्मगुरू लागतो आणि धर्मगुरू नदीच्या त्या तीरावर. रविवारी आणि ठरावीक सणांना मिस्सेत सहभागी होणं कॅथलिकांना बंधनकारक असतं. वीस-बावीस वर्षांची ती मुलगी खोलीत बसून रडली. नंतर तिनं ठरवलं, माहेरच्या चर्चमध्ये घंटा होते त्या वेळेला आपण बसायचं. खोली सारवली, चांगली साडी नेसली, मेणबत्ती लावली, बायबलमधलं त्या दिवसाचं वाचन मोठ्यानं वाचलं. जपमाळ निम्म्यावर आली तोच बोलावणं आलं. एक बाई अडली होती. जपमाळ तशीच खिशात टाकून ती गेली.

पूर ओसरल्यावर तिनं फादरांपुढे हे पाप म्हणून कबूल केलं. फादर म्हणाले, ‘बाई सोडून तू मिस्सेला आली असतीस, तर मी रागावलो असतो.’ ख्रिस्तसभेचा नियमही तसाच आहे. आजारपण, तान्ह्या मुलाची देखभाल, धर्मगुरूच नसणं, अशा गंभीर कारणानं जाता आलं नाही तर दोष लागत नाही. मात्र त्या वेळी एकट्यानं, कुटुंबासह किंवा चार घरांनी मिळून प्रार्थना करावी, असं सांगितलं आहे. म्हणजे बंधन सुटलं तरी दिवस सुटत नाही.

मला याचा अर्थ २०२० मध्ये कळला. मार्चअखेर टाळेबंदी लागली. ५ एप्रिलला झावळ्यांचा रविवार होता, पण झावळ्या वाटणार कोण? ९ तारखेच्या पवित्र गुरुवारी केरळी ख्रिस्ती घरांत तांदूळ-उडदाचा बिनखमिराचा ‘पेसहा अप्पम’ करतात. त्यावर झावळीचा क्रूस ठेवतात. घरातला कर्ता तो मोडून वडीलधाऱ्यांपासून लहानांपर्यंत वाटतो, सोबत नारळाच्या दुधात गूळ. सिस्टरांनी तसबिरीमागे खोचलेली गेल्या वर्षीची वाळकी झावळी काढली आणि तिचा क्रूस केला. कुंपणावरून म्हणाल्या, ‘भाईजान, हा घरच्यांपुरताच असतो, रागावू नका.’ मी कशाला रागावतो? ईस्टरच्या रात्री त्या घरातले सारे जण नवे कपडे घालून मोबाइलवरच्या मिस्सेसमोर उभे राहिले. ‘घरीच आहे म्हणून गाऊनवर बसायचं नाही,’ हा त्यांचा दंडक. ‘पण भाईजान, भाकर दिसते, हाती येत नाही. हे जेवण नाही, जेवणाची आठवण आहे.’

तेव्हा आमच्या मशिदीलाही कुलूप होतं. जुम्याला जमात लागते. ती नाही, म्हणून मी घरी जुम्याच्या दोन रकातींऐवजी जोहरच्या चार पढत होतो. रकाती वाढल्या, पण खांद्याला खांदा नव्हता. २५ मेच्या ईदला ईदगाह सुनी होती. सिस्टर कुंपणाशी येऊन म्हणाल्या, ‘नवा कुर्ता घातला ना?’ घातला नव्हता. आत जाऊन घातला.

जपानमध्ये १६१४ साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. पुढे दोनशेहून अधिक वर्षं तिथले ख्रिस्ती धर्मगुरूवाचून लपून राहिले. घरच्या घरी बाप्तिस्मा देत, तोंडपाठ प्रार्थना म्हणत, सणांच्या तिथ्या पिढ्यान् पिढ्या मोजत. मिस्सा मात्र त्यांना नव्हती. नागासाकीला नवं चर्च उभं राहिल्यावर १८६५ मध्ये त्यांच्यातले काही जण तिथल्या फादरांना येऊन भेटले. आठवण जपली होती, म्हणून वाट सापडली.

महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. मोबाइलची सवय झालेले काहीजण घरीच राहिले. सिस्टर पहिल्याच रविवारी गेल्या. मीही त्या जुम्याला गेलो.

आजही कुठे नदी आडवी येईल, कुठे आईचं अंथरूण सोडवणार नाही, कुणाची रात्रपाळी असेल. त्यांनी वेळ ठरवावी, घर झाडावं, चांगलं नेसावं, दिवा लावावा. जे घरी होत नाही ते होतं असं भासवू नये. ती उणीव राहू द्यावी आणि पूर ओसरला की निघावं.