चुंबकाचा कान

विजेच्या गिटारीचा आवाज पेटींत घुमून येत नाहीं. पोलादी तारेखालीं लोहचुंबक व त्याभोंवतीं तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें असतें. तार हलली कीं, फॅरडेनें १८३१ सालीं शोधलेल्या नियमानें, वेटोळ्यांत वीज उत्पन्न होते. आंतड्याची तार तेथें मुकीच!

तार २५.५ इंच लांब व चुंबक घोडीपासून तिच्या चौथ्या हिश्शावर असला, म्हणजे विद्यार्थ्यांना एक मौजेचा प्रयोग साधतो. ११० कंपनांची मोकळी तार घोडीपासून ३ इंचांवर छेडावी. चुंबकावरच छेडूं नये, तेथें तपासायचा अंशस्वर मुळांत उमटतच नाहीं. संगणकाच्या आलेखांत चौपट, म्हणजे ४४० कंपनांचा, अंशस्वर जवळजवळ दिसत नाहीं. कारण त्याच्यापुरती तार चुंबकावर स्तब्ध असते. ‘चुंबकाला चौथा अंशस्वर ऐकूं येत नाहीं,’ असें विद्यार्थी चटकन लिहून टाकतात.

पांचव्या पडद्यावर बोट दाबतांच हा निष्कर्ष फसतो. षड्जाचा मध्यम झाला, तार पाऊण उरली. आतां चौथा अंशस्वर स्वच्छ दिसतो आणि तिसरा लोपतो! वहींत खाडाखोड होते. मग कोणी आंकडे मांडतो: मध्यमाचीं कंपनें सुमारें १४७, त्यांची तिप्पट पुन्हां सुमारें ४४०च. चुंबक बहिरा आहे तो क्रमांकाला नव्हे, त्या तारेवरील ४४० कंपनांना. मग तार मोकळी असो वा दाबलेली.