अपिंगहॅम डिस्ट्रिक्टची हकीकत



इंग्लंडच्या राज्यकारभाराविषयीं आपण पुष्कळ ऐकत आलों आहों. पार्लमेंटचीं दोन गृहें, मंत्रिमंडळाची जबाबदारी, राजपदाच्या मर्यादा हे विषय शाळेपासून आपल्या परिचयाचे आहेत. परंतु त्याच देशांतील एखाद्या गांवच्या विहिरीचें पाणी नासलें तर दाद कोणाकडे मागावयाची, गटार कोणीं बांधावयाचें आणि त्याचा पैसा कोणाच्या खिशांतून जावयाचा, हे प्रश्न आपल्या मनांत क्वचितच उभे राहतात. वस्तुतः सामान्य माणसाचा राज्यसत्तेशीं रोजचा संबंध येतो तो अशाच प्रश्नांत. म्हणून आज मी एका अगदीं लहान मुलुखाची हकीकत सांगणार आहें. त्या मुलुखाचें नांव अपिंगहॅम रूरल डिस्ट्रिक्ट. तो १८९४ सालीं जन्मास आला आणि १९७४ सालीं संपला.

इंग्लंडच्या मध्यभागीं रट्लंड नांवाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा प्रदेश. परंतु रट्लंडचें क्षेत्रफळ सुमारें दीडशें चौरस मैल, म्हणजे आपल्याकडील एखाद्या लहान तालुक्याएवढें. ऐतिहासिक काउंट्यांत ही सर्वांत लहान. तिचें ब्रीदवाक्य लॅटिन भाषेंत असून त्याचा अर्थ 'थोडक्यांत पुष्कळ' असा आहे. या चिमुकल्या काउंटीचेहि तीन ग्रामीण भाग होते : ओकम, केटन आणि अपिंगहॅम. यांतील अपिंगहॅमचा भाग दक्षिणेकडचा. अपिंगहॅम हें बाजाराचें गांव, आणि त्याच्या भोंवतीं लिडिंग्टन, सीटन, ग्लॅस्टन, बिसब्रुक, विंग, रिडलिंग्टन, स्टोक ड्राय अशीं दगडी घरांचीं खेडीं. त्यांतील प्रत्येक गांव हा एकेक 'पॅरिश'.

पॅरिश म्हणजे मुळांत एका देवळाचें, एका धर्मोपदेशकाचें क्षेत्र. परंतु १६०१ च्या कायद्यानें प्रत्येक पॅरिशावर आपापले गरीब पोसण्याचा भार टाकला, आणि धार्मिक सीमेला पैशाची किंमत आली. गांवचा म्हातारा, विधवा किंवा पोरका मुलगा उपाशी असेल तर त्याचा खर्च गांवच्या करांतून व्हावयाचा. साहजिकच हा माणूस आमचा कीं शेजारच्या गांवचा, यावरून वाद होऊं लागले. परगांवचा मजूर निराधार होण्याचा संभव दिसतांच त्याला त्याच्या मूळ पॅरिशांत परत धाडण्याची तजवीज कायद्यानें केली होती. नकाशावरील एक रेघ माणसाची भाकरी ठरवूं शकत होती.

१८३४ सालीं हा कारभार बदलला. एकेका पॅरिशाला हा भार पेलत नाहीं असें ठरून अनेक पॅरिशांची मिळून एक 'युनियन' करण्यांत आली. प्रत्येक युनियनीचें एक वर्कहाउस, म्हणजे निराधारांना कडक शिस्तींत आणि कामाच्या अटीवर ठेवून घेण्याची जागा. आणि तिच्यावर देखरेख करणारें 'गार्डियन' या नांवाच्या सभासदांचें मंडळ. अपिंगहॅमची युनियन १८३६ सालीं स्थापन झाली. तिच्या सीमा आंखतांना अधिकाऱ्यांनीं काउंटीकडे पाहिलें नाहीं, बाजाराकडे पाहिलें. शेतकरी आठवड्याच्या बाजाराला ज्या गांवीं येतो, तेथेंच त्याला मंडळाच्या सभेलाहि येतां येईल, हा त्यांचा हिशेब. त्यामुळें रट्लंडच्या गांवांबरोबर लेस्टरशायरमधील हॅलटनकडचीं आणि वेलंड नदीपलीकडील नॉर्दॅम्प्टनशायरमधील ग्रेटनकडचीं गांवेंहि या युनियनींत आलीं.

गरिबांसाठीं आंखलेली ही रेघ पुढें भलत्याच कामाला जुंपली गेली. १८७२ सालीं सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था साऱ्या इंग्लंडभर लावण्याचें ठरलें. शहरांना आपापलीं मंडळें होतीं. खेड्यांना कोणतें मंडळ द्यावयाचें? नवें निर्माण करण्यापेक्षां गार्डियनांच्या हातींच तें काम देणें सोयीचें वाटलें. अशा रीतीनें दरिद्री लोकांवरील खर्च शक्य तितका कमी ठेवण्याची ज्यांना चाळीस वर्षें संवय लागली होती, त्यांच्याच हातीं गटारें आणि पाणी आलें. शिवाय कायद्यांत एक विलक्षण योजना होती. गटारांसारख्या कामाचा खर्च ज्या पॅरिशांत तें काम होईल त्यानेंच सोसावयाचा. परंतु तें काम करावयाचें कीं नाहीं, हें मात्र साऱ्या पॅरिशांच्या प्रतिनिधींनीं मिळून ठरवावयाचें. खेड्यांतून आलेल्या गार्डियनांना अपिंगहॅमच्या मोऱ्यांशीं ना देणें ना घेणें. आणि अपिंगहॅममधील घरमालकांना कर वाढण्याची धास्ती.

या व्यवस्थेची कसोटी लवकरच लागली. अपिंगहॅम येथें एक जुनी शाळा आहे. १८५३ सालीं एडवर्ड थ्रिंग तिचे मुख्याध्यापक झाले, तेव्हां तेथें पंचवीसेक मुलें होतीं; पुढें वीस-बावीस वर्षांत त्यांनीं ती संख्या तीनशेंवर नेली. गांवाचा सारा व्यापार या शाळेवर चाले. १८७५ च्या शरद्ऋतूंत शाळेंत विषमज्वर शिरला आणि कांहीं मुलें दगावलीं. गांवांतील विहिरी आणि मैल्याचे खड्डे एकमेकांना लागून होते. शाळेचें म्हणणें, गांवाची गटारें सदोष आहेत; मंडळाचे कैवारी म्हणत, दोष शिक्षकांनीं चालविलेल्या वसतिगृहांतील मोऱ्यांचा आहे. दोन्ही बाजूंत कांहीं तथ्य होतें. पण वाद चालूं असतां रोग थांबत नाहीं. मुलांना घरीं पाठविलें, परत बोलावलें, आणि १८७६ च्या आरंभीं रोगानें पुन्हा डोकें वर काढलें.

तेव्हां थ्रिंग यांनीं जें केलें तें शिक्षणाच्या इतिहासांत क्वचितच घडलें असेल. शाळा बंद पडूं देण्यापेक्षां त्यांनीं ती उचलून नेली. ४ एप्रिल १८७६ रोजीं विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचीं कुटुंबें वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावरील बोर्थ या खेड्यांत दाखल झालीं. समुद्रकांठचें एक मोठें हॉटेल आणि आसपासचीं घरें भाड्यानें घेऊन तेथें वर्ग सुरू झाले. शाळा तेथें सुमारें एक वर्ष राहिली. इकडे अपिंगहॅमचे दुकानदार ओस बाजारपेठेकडे पाहत बसले. जें काम मृत्यूनें झालें नव्हतें तें बुडालेल्या धंद्यानें झालें : गटारांची दुरुस्ती झाली, नळाच्या पाण्यासाठीं कंपनी उभी राहिली, आणि १८७७ सालीं शाळा परत आली तेव्हां गांवानें तिचें थाटानें स्वागत केलें.

या प्रकरणांत गार्डियनांना खलपुरुष ठरविणें सोपें आहे. पण मला त्यांत निराळा अर्थ दिसतो. थ्रिंग यांच्यापाशीं वजन होतें, पैसेवाल्या पालकांचा आधार होता, आणि सामान बांधून निघून जाण्याची सोय होती. गांवांतील मोलकरीण किंवा मजूर यांना बोर्थ कोठलें? त्यांनीं तेंच पाणी प्यावयाचें. आणि गार्डियनांच्या निवडणुकींत त्यांचा आवाज जवळजवळ नव्हताच. कारण मालमत्तेच्या प्रमाणांत एकाच इसमाला अनेक मतें असत, आणि काउंटीचे मॅजिस्ट्रेट तर निवडणुकीवांचूनच मंडळावर बसत.

१८९४ च्या कायद्यानें नेमकें येथेंच बोट ठेवलें. त्यानें ग्रामीण आरोग्यमंडळांच्या जागीं निवडून आलेलीं रूरल डिस्ट्रिक्ट कौन्सिलें आणलीं. एका माणसाचीं अनेक मतें गेलीं. मॅजिस्ट्रेटांचा आपोआप बसण्याचा हक्क गेला. उमेदवाराला मालमत्तेची अट राहिली नाहीं. आणि पार्लमेंटच्या निवडणुकींत स्त्रियांना मत नसतांना येथें त्यांना, विवाहित स्त्रियांनासुद्धां, मत देण्याचा आणि निवडून येण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पहिल्या निवडणुका झाल्या. आपल्याकडे लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव १८८२ चा, आणि मुंबई इलाख्यांत जिल्हा व तालुका लोकल बोर्डें स्थापन करणारा कायदा १८८४ चा. म्हणजे आपल्याकडे तालुका बोर्डें निघाल्यावर दहा वर्षांनीं इंग्लंडच्या खेड्यांना हीं कौन्सिलें मिळालीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

याच कायद्यानें आणखी एक नियम घातला : डिस्ट्रिक्ट सामान्यतः एकाच काउंटींत असावा. त्यामुळें जुन्या युनियनीचे तीन तुकडे झाले. रट्लंडमधील गांवांचा अपिंगहॅम डिस्ट्रिक्ट झाला, लेस्टरशायरमधील गांवांचा हॅलटन डिस्ट्रिक्ट, आणि नॉर्दॅम्प्टनशायरमधील गांवांचा ग्रेटन डिस्ट्रिक्ट. परंतु गरिबांची युनियन मात्र अखंडच राहिली. ग्रेटनच्या माणसाची गटाराची तक्रार ग्रेटन कौन्सिलकडे, आणि तोच माणूस निराधार झाला तर वर्कहाउस अपिंगहॅमचें! ही दुहेरी व्यवस्था १९३० पर्यंत चालली. त्या वर्षीं गार्डियनांचीं मंडळें मोडलीं आणि त्यांचें काम काउंट्यांकडे गेलें. हॅलटन आणि ग्रेटन हे दोन्ही डिस्ट्रिक्ट १९३५ सालीं नाहींसे झाले. अपिंगहॅमच्या वर्कहाउसची इमारत पुढें त्याच शाळेच्या ताब्यांत आली, आणि निराधारांच्या जागीं विद्यार्थी राहूं लागले.

डिस्ट्रिक्टच्या खालीं पॅरिश होताच, आणि त्यालाहि या कायद्यानें नवें रूप दिलें. तीनशें किंवा अधिक वस्तीच्या ग्रामीण पॅरिशाला निवडलेलें कौन्सिल. लहानाला निदान पॅरिशसभा, म्हणजे आपल्या ग्रामसभेप्रमाणें गांवांतील साऱ्या मतदारांची बैठक. कामें साधीं : मजुरांना भाजीपाल्यासाठीं जमिनीचे तुकडे मिळवून देणें, पायवाटा राखणें, दिवाबत्ती, दफनभूमि. सभेच्या संमतीवांचून पौंडामागें तीन पेन्सांहून अधिक कर बसवितां येत नसे. या पॅरिशांत बोमाँट चेस नांवाचा एक चमत्कारिक नमुना आहे. राजाच्या शिकारीच्या अरण्याचा हा अवशेष; तेथें देऊळ नाहीं, गांव नाहीं, केवळ मूठभर घरें. पूर्वी तो कोणत्याच पॅरिशांत मोडत नसे. अशा जागांनाहि पॅरिश मानावें असा कायदा १८५७ सालीं झाला, आणि आजहि बोमाँट चेस कागदोपत्रीं पॅरिश आहे.

डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या ऐंशीं वर्षांच्या कारभारांत डोळे दिपविणारें असें कांहीं नव्हतें. अशा कौन्सिलांकडे गटारें होतीं, पाणी होतें, १९३० पर्यंत गांवरस्ते होते, आणि १९१९ च्या कायद्यानंतर मजुरांसाठीं भाड्याचीं घरें बांधण्याचें काम आलें. खेड्याच्या टोंकाला एका ओळींत उभीं असलेलीं तीं साधीं घरें हेंच इंग्लंडभर ग्रामीण कौन्सिलांचें खरें स्मारक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लहानपणा हाच दोष ठरूं लागला. रट्लंडला लेस्टरशायरमध्यें मिळवावें अशी शिफारस सरकारी कमिशननें केली, तेव्हां रहिवाशांनीं मोठें आंदोलन केलें आणि १९६३ सालीं सरकारनें तो बेत सोडला. परंतु १ एप्रिल १९७४ रोजीं इंग्लंडमधील सारे रूरल डिस्ट्रिक्ट एकदमच रद्द झाले. अपिंगहॅम, ओकम आणि केटन हे ग्रामीण भाग आणि ओकम शहर मिळून एकच रट्लंड डिस्ट्रिक्ट झाला, आणि तो लेस्टरशायरच्या हाताखालीं गेला. तेवीस वर्षांनीं, १ एप्रिल १९९७ रोजीं, रट्लंडला स्वतंत्र कारभार परत मिळाला. २०२१ च्या शिरगणतींत तेथील वस्ती सुमारें एक्केचाळीस हजार भरली. २०२४ च्या डिसेंबरांत ब्रिटिश सरकारनें मोठीं कौन्सिलें करण्याचा विचार श्वेतपत्रिकेंत मांडला, तेव्हां हा जुना वाद पुन्हा जागा झाला. अपिंगहॅम डिस्ट्रिक्ट मात्र परत आला नाहीं.

आतां मोठ्या कौन्सिलांच्या बाजूनें सांगण्यासारखें पुष्कळ आहे. तज्ज्ञ नोकर, यंत्रसामग्री, कर्ज काढण्याची ऐपत हीं लहान मंडळाला परवडत नाहींत. १८७५ च्या अपिंगहॅमला एक चांगला इंजिनिअर आणि थोडें भांडवल वेळेवर मिळतें तर कांहीं जीव वांचते. पण त्याच प्रकरणानें दुसरी बाजूहि दाखविली आहे. त्या मंडळांत केवळ ज्ञानाची उणीव नव्हती. ज्यांना तें पाणी प्यावयाचें होतें त्यांचा शब्द तेथें पोंचत नव्हता, ही खरी उणीव होती. १८९४ च्या कायद्यानें ती पुष्कळशी भरून काढली. म्हणून सीमा लहान असावी कीं मोठी, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. ज्याच्या दारांतून गटार वाहतें त्याला निर्णयाच्या सभेंत हक्कानें उभें राहून बोलतां येतें कीं नाहीं, हा पहिला प्रश्न. युनियन गेली, डिस्ट्रिक्ट गेला, काउंटी गेली आणि परत आली. या साऱ्या उलथापालथींत पॅरिशसभा तेवढी टिकून आहे. तिचे अधिकार थोडे आहेत. परंतु एखाद्या संध्याकाळीं कोणत्याहि मतदारानें तेथें जावें, आपल्या गांवच्या पायवाटेविषयीं दोन शब्द बोलावे आणि तें ऐकून घेण्यास इतरांनीं बांधलेलें असावें, ही गोष्ट लहान नाहीं.