नगराची तिजोरी आणि गावची कार्यशाळा



यवतमाळची नगरपालिका १८६९ मध्ये स्थापन झाली. मध्यंतरी ती बरखास्त झाली आणि १८९४ मध्ये पुन्हा अस्तित्वात आली. त्या काळी संपूर्ण जिल्ह्यात एवढी एकच नगरपालिका होती. गावात सरकी काढण्याचे व गाठी बांधण्याचे कारखाने होते, आणि माल बाहेर न्यायचा तर सुमारे ४६ किलोमीटरवरील धामणगाव स्टेशन गाठावे लागे. अशा गावात यंत्र बंद पडले तर ते दुरुस्त करणारा हात गावातच असावा लागतो. लोहार, सुतार, खरादी, फिटर ही मंडळी विदर्भातील कापसाच्या बाजारपेठांची खरी पायाभूत संपत्ती होती. आज नगर परिषदेच्या खरेदीचा विचार करताना या संपत्तीचे स्मरण ठेवणे अगत्याचे आहे.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले. तरीही महाराष्ट्रात बहुसंख्य नगर परिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांच्या हाती राहिला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे निर्देश दिले आणि डिसेंबर २०२५ मध्ये नगर परिषदांसाठी मतदान झाले. यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड, दिग्रस, दारव्हा अशा गावांच्या सभागृहांत लोकप्रतिनिधींसमोर जे विषय येतात, त्यांत मोठा वाटा खरेदीचा असतो : घंटागाड्या, पाण्याचे पंप, पथदिवे, मैला उपसणारी वाहने, अग्निशमनाचे साहित्य. विषयपत्रिकेवर हा विषय एका ओळीचा असतो आणि बहुधा चर्चेविनाच संमत होतो. मात्र त्याचे बरेवाईट परिणाम गावाला पुढे अनेक वर्षे भोगावे लागतात.

स्वस्त आणि महाग

राज्य शासनाने १ डिसेंबर २०१६ रोजी खरेदीची सविस्तर कार्यपद्धती ठरवून दिली. केंद्राचे ‘जेम’ हे शासकीय खरेदीचे संकेतस्थळही २०१६ मध्येच सुरू झाले. या सुधारणांमुळे बंद दाराआडच्या व्यवहारांना आळा बसला, हे निःसंशय. परंतु नियम पाळले गेले म्हणजे विवेकही पाळला गेला, असे होत नाही. निविदेत उलाढालीची अट किती ठेवायची, दुरुस्तीचा करार किती वर्षांचा करायचा, सुटे भाग किती दिवसांत मिळाले पाहिजेत, हे माणसेच ठरवतात. भलेबुरे ठरते ते तेथेच.

समजा, एक वाहन आठ लाखांना मिळते आणि त्याच्या देखभालीला वर्षाला दीड लाख लागतात. दुसरे नऊ लाखांचे आहे, पण देखभाल एका लाखात होते. निविदेत पहिले जिंकते. सात वर्षांचा हिशेब मांडला तर पहिल्याचा खर्च साडेअठरा लाख होतो आणि दुसऱ्याचा सोळा. गृहिणी साधा मिक्सर घेतानाही दुकानदाराला विचारते, “बिघडला तर दुरुस्त कुठे होईल?” घरातला हा व्यवहार सभागृहात का विसरला जातो?

बंद यंत्राची किंमत

या विस्मरणाची किंमत केवळ पैशांत मोजता येत नाही. लहान शहरांत असंख्य घरांचा मैला शौचालयाच्या टाकीत साचतो. उपसा करणारे वाहन एका सुट्या भागासाठी आवारात उभे राहिले, तरी टाकी भरायची थांबत नाही. मग कोणीतरी एका माणसाला बोलावते, त्याला थोडे अधिक पैसे देते आणि आत उतरवते. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा, गटारे व टाक्यांच्या धोकादायक सफाईसाठी माणूस उतरवणे गुन्हा ठरवणारा कायदा २०१३ चा आहे. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई तीस लाख रुपये केली. आत उतरणारा बंधू कोणत्या समाजातून येतो, हे सर्वांना ठाऊक आहे. समरसतेचा विचार व्यासपीठावर मांडणाऱ्यांनी ते वाहन चालू आहे की नाही, हे पाहिले पाहिजे. दोन हजार रुपयांच्या भागासाठी कुणाचा प्राण पणाला लागत असेल, तर तो दोष यंत्राचा नव्हे, खरेदीचा आहे.

स्थानिक म्हणजे कोण?

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत दिलेल्या व्याख्यानांत एकात्म मानववादाची मांडणी केली. त्यात विकेंद्रित अर्थव्यवस्थेला महत्त्वाचे स्थान आहे. वर्धा जिल्ह्यातील आर्वीचे सुपुत्र दत्तोपंत ठेंगडी यांनी स्वदेशीचा विचार आंदोलनाच्या रूपाने देशभर नेला. परंतु या थोरांची नावे घेऊन कुणी नगरसेवकाच्या मेहुण्याला कंत्राट देऊ लागला, तर त्याला स्वदेशी म्हणता येणार नाही. निविदा टाळण्यासाठी एका खरेदीचे चार तुकडे पाडणे हेही उद्योगाला प्रोत्साहन नव्हे. दर्जा सांभाळणारा, वेळ पाळणारा, उघड स्पर्धेत उतरणारा, तोच स्थानिक उद्योजक साहाय्यास पात्र ठरतो.

असे साहाय्य नियमांच्या चौकटीत करता येते. उलाढालीची अट कामाच्या आकाराला साजेशी ठेवावी. बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्ती व्हावी, हे करारात लिहावे. जेथे शक्य असेल तेथे देखभालीची निविदा वेगळी काढावी, म्हणजे गावातील कार्यशाळांना तीत भाग घेता येईल. ‘जेम’वर नोंदणी कशी करावी, याचे मार्गदर्शन नगर परिषदेने वर्षातून एकदा तरी आयोजित करावे. केंद्राने आपली खाती व सार्वजनिक उपक्रम यांच्यासाठी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून किमान २५ टक्के वार्षिक खरेदीचे धोरण ठेवले आहे. ती दृष्टी नगरानेही अंगीकारावी.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे देयके वेळेवर देणे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यानुसार लहान पुरवठादाराचे पैसे ४५ दिवसांच्या आत दिले गेले पाहिजेत. मोठी कंपनी वर्षभर थांबू शकते. दोन कारागिरांची कार्यशाळा तीन महिन्यांत कर्जात बुडते. सत्कार, प्रदर्शने आणि उद्योजक मेळावे यांपेक्षा वेळेवर निघालेला धनादेश हे अधिक मोठे साहाय्य आहे.

कार्यकर्त्यांचे काम

हे सारे नगराध्यक्ष आणि मुख्याधिकारी यांच्यावर सोपवून समाजाला मोकळे होता येणार नाही. प्रत्येक प्रभागात दोन-तीन जाणत्या नागरिकांनी अंदाजपत्रक वाचावे. सभेचे इतिवृत्त मागावे. माहितीचा अधिकार २००५ पासून हाताशी आहे. कोणते यंत्र कधी घेतले, हमीची मुदत कधी संपते आणि ते किती दिवस बंद होते, एवढी एक साधी वही ठेवली तरी पुढच्या खरेदीच्या वेळी सभागृहात नेमका प्रश्न विचारता येईल. त्यात निवृत्त अभियंते, आयटीआयचे शिक्षक, लेखापाल यांचे साहाय्य घ्यावे. आरोप करण्यासाठी नव्हे, तर आपले नगर आपले आहे म्हणून.

शेजारच्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले संत गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा हाती घेत, कीर्तन त्यानंतर होई. राष्ट्राच्या परम वैभवाची आकांक्षा बाळगणाऱ्यांनी आपल्या नगर परिषदेच्या आवारात एकदा जाऊन यावे आणि तेथे उभ्या असलेल्या वाहनांपैकी किती चालू आहेत, ते मोजावे.