सेनेगल नदीकांठचा मातम प्रांत
(दुष्काळनिवारण कमिटीच्या सभेंत झालेलें भाषण)



वर्गणीपैकीं कांहीं रक्कम पश्चिम आफ्रिकेंतील मातम प्रांताकडे पाठविण्याचा ठराव कमिटीनें कां केला, असें आपल्यापैकीं पुष्कळांनीं मला विचारलें. प्रश्न रास्त आहे. आपला पैसा कोठें जातो हें देणाऱ्यानें पाहिलेंच पाहिजे.

सेनेगल देशाच्या ईशान्येस, सेनेगल नदीच्या डाव्या तीरावर मातम हें गांव आहे. समोरचा तीर मॉरिटानियाचा. नदीचा उगम मात्र फार दूर, गिनी देशांतील फूता जालोनच्या डोंगरांत. मातमास पाऊस थोडा व बेभरंवशाचा. परंतु त्या डोंगरांत तो चांगला झाला कीं पावसाळ्याच्या उत्तरार्धांत नदी फुगते व कांठचा सखल प्रदेश पाण्याखालीं जातो. आपण पुरास भितों. तेथील शेतकरी त्याची वाट पाहतो. कारण असें कीं, त्याच्या जमिनी दोन जातींच्या. उंचवट्याची रेताड जमीन ती 'जेरी'. तींत पावसावर बाजरी होते. पुराखालीं जाणारी चिकण जमीन ती 'वालो'. पाणी ओसरूं लागलें कीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत त्याच्या मागोमाग ज्वारी टोंचीत जातात, आणि ती केवळ ओलीवर वाढून मार्चच्या सुमारास हातीं येते. ज्यांनीं सोलापुराकडील शाळू पाहिला आहे त्यांस हें अधिक समजावून सांगावयास नको. पावसानें दगा दिला तर पुरानें तारावें, अशी ही पिढ्यान् पिढ्यांची योजना आहे.

१९७२ सालीं पाऊस व पूर दोन्हीं चुकले. (त्याच सालचा आपल्याकडील दुष्काळ येथील वडीलधाऱ्यांस आठवत असेल.) वालोची बरीचशी जमीन कोरडी राहिली, गुरें मेलीं, आणि कर्ते पुरुष डाकारकडे व फ्रान्सकडे गेले. १९८३ व १९८४ सालीं पुन्हां तोच प्रसंग आला.

पण सर्वांवर तो सारखा आला नाहीं. वालोची जमीन जुन्या घराण्यांच्या हातीं. ज्यास ती नाहीं तो 'रेम-पेच्चेन' करारानें, म्हणजे 'कसूं व वांटून घेऊं' या बोलीनें, निम्म्या पिकावर ती करतो. येथील जमीनदार मंडळींस हा करार परका वाटूं नये. याच जातीच्या करारांचीं भांडणें चालवितां चालवितां माझे केंस पिकले आहेत. पूर लहान आला कीं पाण्याखालीं आलेली थोडी जमीन मालक स्वतःच पेरतो, आणि वांटेकऱ्यास निम्मेंहि उरत नाहीं.

माली, मॉरिटानिया व सेनेगल यांनीं १९७२ सालीं संयुक्त संस्था काढली व मालींत बाफिंग नदीवर मानान्ताली येथें धरण बांधलें. तें १९८८ सालीं पुरें झालें. तेव्हांपासून मातमचा पूर कांहीं अंशीं दरवाजांवर अवलंबून आहे. विजेस बारमाही सारखें पाणी हवें, ज्वारीस वर्षांतून एकदां भरपूर हवें. हा वाद सोडविणें आपलें काम नव्हे. परंतु पूर आतां एकट्या निसर्गाचा प्रश्न राहिला नाहीं, हें दात्यांनीं जाणावें. आणि धरण असूनहि २०२४ च्या ऑक्टोबरांत पाणी मर्यादेबाहेर चढून बाकेल व मातम भागांतील उभीं शेतें बुडालीं.

ते लोक हात जोडून बसणारे नाहींत. १९७० नंतरच्या दशकांत बाकेलच्या बाजूस फ्रान्सहून परतलेल्या मजुरांनीं गांवकऱ्यांस जमवून नदीकांठीं पंपावर सामाइक शेती सुरू केली. मातमकडेहि गांवोगांव लोकांनीं स्वतःच्या हातांनीं पाट खणले, व पंप सरकारनें दिला. पुढें डिझेल महागलें, पंप बिघडले, सुटे भाग मिळेनात. तरी पुष्कळ ठिकाणीं भात होतच राहिला.

माझें सांगणें एवढेंच कीं, धान्याचीं पोतीं पाठविण्याचा आग्रह कोणी धरूं नये. उपाशी घर प्रथम बियाणें खातें, आणि ओसरलेल्या पाण्याची ओल कोणासाठीं थांबत नाहीं. एप्रिलांत पोहोंचलेल्या रुपयाचें जेवण होईल. सप्टेंबरांत पोहोंचला तर त्याचें पीक होईल. म्हणून ज्या व्यापारी मंडळींनीं दिवाळीच्या हिशेबानंतर रक्कम देण्याचें कबूल केलें आहे, त्यांनीं ती श्रावण संपण्यापूर्वीं चिटणिसांकडे भरावी, व पावतीवर 'बियाण्यासाठीं' असें लिहून घ्यावें.