चार मात्रांचा शब्द



आमच्या तालुक्याच्या गावी महिन्याच्या पहिल्या रविवारी वाचनालयात कवींची बैठक भरते. दहा-बारा जण, एक सतरंजी आणि शेवटी चहा. मी बी. ए. झालो कॉलेजात, पण ओळीत एक मात्रा कमी पडली की कानाला कसं खटकतं, ते शिकलो या सतरंजीवर. हे ऋण मी कधी नाकारणार नाही.

तरीही एक गोष्ट सांगायला हवी. तरुणपणी मी जात्यावर दळणाऱ्या माझ्या अम्मावर कविता लिहिली. बैठकीतले एक ज्येष्ठ मित्र आपुलकीने म्हणाले, “‘अम्मा’ऐवजी ‘आई’ कर. सगळ्यांना आपली वाटेल.” मी केलं. कविता दिवाळी अंकात छापून आली. अम्माला अक्षरओळख नव्हती, म्हणून तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, “अच्छी है बेटा. पर ये बाई कौन है?”

त्या रात्री मी मात्रा मोजल्या. ‘आई’च्या चार, ‘अम्मा’च्याही चारच. वृत्ताची काहीच अडचण नव्हती. भीती माझीच होती. मंडळींत बसायचं तर आपलं काहीतरी चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावं लागतं, असं मी धरून चाललो होतो.

पुढे मुस्लिम मराठी लेखकांच्या एका मेळाव्यात मी पावसावरची कविता वाचली. एकाने विचारलं, “यात आपलं दुःख कुठाय?” मी म्हटलं, “भाई, आमचं घरही गळतंच की!” लोक हसले, पण प्रश्न माझ्या मनात राहिला. तिथे काही ठेवून यावं लागत होतं, इथे काही घेऊन यावं लागत होतं.

1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण. त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. मित्र विचारत, “तू कुठल्या मांडवातला?” तेव्हा उत्तर सुचत नसे. आज सांगतो, दोन्ही. एका मांडवाने मला वृत्त दिलं, दुसऱ्याने ‘अम्मा’ म्हणायचं बळ दिलं.

आमच्या जिल्ह्यातले, बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर गायले. कलापथक सगळ्यांचं होतं, म्हणून कुणी आपला गळा बदलला नाही. मला वाटतं, समूहात राहण्याची रीत हीच. चूक दाखवली तर ऐकावं. पण शब्द बदलण्याआधी विचारावं, ही चूक आहे की नुसता माझा वेगळेपणा?

संग्रह निघाला तेव्हा मी ‘अम्मा’ परत लिहिलं. ऐकायला ती नव्हती. ते ज्येष्ठ मित्र मात्र बैठकीला जुना दिवाळी अंक घेऊन आले. त्यांनी पेनाने ‘आई’ खोडून वर ‘अम्मा’ लिहिलं होतं. म्हणाले, “आता वाच.” मी वाचली.